सुतकातली तपासणी

“चीफ, तुमच्या घरावरून आत्ता हेलिकॉप्टर गेलं का?” मॅडमनी फोनवर विचारलं.

गेलं होतं. इतकं खालून गेलं होतं की माडांच्या झावळ्या उलट्या झाल्या आणि पडवीतलं मांजर पेटाऱ्याखाली शिरलं. मग आवाज सड्याच्या दिशेला गेला आणि तिकडेच थांबला. हेलिकॉप्टर उतरलं, एवढं मला आवाजावरून कळलं होतं. का उतरलं, ते कळत नव्हतं.

मी चटईवर बसलो होतो. डोकं भादरलेलं, अंगावर पंचा. वडील जाऊन आठवडाही झाला नव्हता. अग्नी मी दिला होता, त्यामुळे क्रिया माझ्याकडे होती.

मी लष्करी हेलिकॉप्टरांचा मेकॅनिक आहे. समुद्रावर उडणारी हेलिकॉप्टरं दुरुस्त करणं आणि ती उडायला योग्य आहेत असं लिहून खाली सही करणं, हे माझं काम. आमच्याकडे या हुद्द्याला चीफ म्हणतात. मॅडम म्हणजे आमच्या इंजिनिअर ऑफिसर. उगाच फोन करणाऱ्यांपैकी त्या नाहीत.

“चिप लाइट लागली,” त्या म्हणाल्या. “मेनन घेऊन उतरलाय. त्याचं लोकेशन बघितलं आणि तुमचं गाव आठवलं.”

चिप लाइट म्हणजे काय ते सांगतो. हेलिकॉप्टरच्या पंख्याखाली एक मोठा गिअरबॉक्स असतो. त्यातली दातेरी चाकं तेलात फिरतात. एखादं चाक किंवा बेअरिंग झिजायला लागलं की लोखंडाचे कण तेलात येतात. ते पकडायला गिअरबॉक्सच्या तळाशी बोटभर लांबीचा एक प्लग बसवलेला असतो. त्याच्या टोकाला चुंबक असतं. चुंबकावर पुरेसे कण जमले की सर्किट पूर्ण होतं आणि पायलटसमोर दिवा लागतो. दिवा लागला की जमिनीवर उतरायचं. इंजिन बंद पडलं तरी पायलट हेलिकॉप्टर सांभाळून खाली आणू शकतो. गिअरबॉक्स जाम झाला तर सांभाळायला काही उरत नाही.

“ते कशासाठी गेले होते?” मी विचारलं.

“सकाळी एक होडी उलटलीय. दोन माणसं पाण्यात आहेत. आपलं दुसरं हेलिकॉप्टर इन्स्पेक्शनसाठी उघडलंय. टीम गोव्याहून गाडीने निघाली आहे, पण सावंतवाडी, कुडाळ, पुढे तुमचे वळणाचे रस्ते. ती पोचेपर्यंत उजेड राहणार नाही.” मग त्या म्हणाल्या, “तुम्ही रजेवर आहात आणि घरात हे झालंय. मी ऑर्डर देत नाही, विचारतेय. तुमचं मन कामावर राहील का? खरं सांगा.”

आमच्या कामात हा प्रश्न शिष्टाचाराचा नसतो. झोप झाली नसेल, ताप असेल, घरात कुणी गेलं असेल, तर माणसाने आपण होऊन सांगायचं आणि बाजूला व्हायचं. त्याबद्दल कुणी बोल लावत नाही. मला झोप लागत नव्हती. जरा डोळा लागला की वडिलांच्या खोकल्याचा आवाज येई आणि मी उठून बसे.

“बघून काय दिसतं ते सांगू शकेन, मॅडम,” मी म्हणालो. “सही करायची की नाही, ते बघितल्यावर सांगतो.”

“चालेल,” त्या म्हणाल्या.

आत जाऊन पॅंट-शर्ट घातला. दारात अप्पाकाका उभा होता. वडिलांचा धाकटा भाऊ. आयुष्यभर मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर न गेलेला माणूस, आणि आता त्याला विचारायला कुणी राहिलं नव्हतं.

“खंय चललंस?”

“सड्यार. हेलिकॉप्टर बिघडला हा.”

“सुतकात? क्रिया कोणाकडे आसा, विसारलंस काय?”

“दोन माणसा दर्यात आसत, काका.”

तो दारातून बाजूला झाला. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला, “चामडा नाय मां ता?”

“कॅनव्हासचे आसत.”

“बरा. पण येकटो जाऊ नको. मी येतंय.” आणि वडिलांचा जुना अडकित्ता त्याने माझ्या हातात दिला. “ह्यो घी.”

आमच्याकडे अग्नी देणाऱ्याला क्रिया संपेपर्यंत एकटं सोडत नाहीत आणि त्याच्याजवळ काहीतरी लोखंडाचं असावं लागतं. विळा, खिळा, चावी, काहीही. लोखंड जवळ असलं की वाईट काही जवळ येत नाही, असं मानतात. वडिलांनी सुपारी सोडल्यापासून तो अडकित्ता कोनाड्यात पडून होता. नुसता गंजलेला. त्या दिवसांत मी तो उशाखाली घेऊन झोपत होतो. विश्वास होता म्हणून नाही. काकाला बरं वाटायचं म्हणून.

मोटरसायकलवर काकाला मागे बसवून मी सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळा संपत आला होता, गवत अजून हिरवं होतं आणि त्यात ते करडं हेलिकॉप्टर पंखे खाली सोडून बसलं होतं. पोलीसपाटलांनी दोर बांधून माणसं लांब ठेवली होती. खाली समुद्र पांढरा झालेला दिसत होता.

पायलट मेनन पुढे आला. आम्ही चांगले ओळखीचे. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं, हात हातात घेतला आणि लगेच सोडला.

“चीफ, किती वेळ लागेल?” आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत झालं, इथे मराठीत लिहितो.

“प्लग बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, सर.”

“फ्युएल मोजकं आहे. तिथे जाऊन थोडा वेळ शोधता येईल, मग तिथूनच सरळ परत जावं लागेल. आणि उजेड.”

“समजलं.”

हेलिकॉप्टरला हात लावण्याआधी खिसे रिकामे करायचे, हा आमचा पहिला नियम. नाणं, किल्ली, पेन, काही नाही. विसरलेला एक नट इंजिनमध्ये गेला तर काय होतं, हे मी पाहिलेलं आहे. मी अडकित्ता काढून काकाकडे दिला.

“ह्यो तुझ्याकडे ठेव.”

“काय बोलतंस? तुझ्याजवळ रवाक व्हयो तो.”

“हय चलणा नाय, काका.”

“माझ्या भावाक काय सांगू मी?”

“काका, वेळ नाय माका.”

मी एवढंच बोललो. काका दोराच्या आत, मेननच्या माणसांनी खाली काढून ठेवलेल्या टूलकिटजवळच्या दगडावर बसला. तिथे त्याला बसू द्यायला नको होतं, पण लांब जा म्हटलं असतं तर तो वाद घालत राहिला असता. मी वर चढलो.

हेलिकॉप्टरमध्ये एक छोटं टूलकिट आणि जास्तीचं तेल नेहमी असतं. पुसायच्या पांढऱ्या कपड्यांची एक गुंडाळीही किटमध्येच असते. डायव्हरने पॅनल उघडायला मदत केली. डायव्हर म्हणजे दोरावरून समुद्रात उतरून माणसाला उचलून आणणारा. तो आत पूर्ण तयारीत होता, पाण्यात घालायचा सूट अंगावर होता आणि घामाने निथळत होता.

प्लग काढला. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट होती. बोटाने चोळली, काही टोचलं नाही. याला आम्ही फझ म्हणतो. नवी चाकं एकमेकांवर घासून रुळताना अशी पेस्ट येते. हा गिअरबॉक्स अलीकडेच बदललेला होता. फझ चालते. प्लग पुसायचा, परत बसवायचा, जमिनीवर काही वेळ पंखे फिरवायचे, म्हणजे रन करायचा, आणि पुन्हा काढून बघायचं. स्वच्छ निघाला तर उडायचं. पापुद्रा किंवा काडी निघाली, म्हणजे आम्ही ज्याला फ्लेक म्हणतो ते, तर हेलिकॉप्टर तिथेच राहतं आणि गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

मला हायसं वाटलं. पेस्ट एका कागदावर काढून ठेवली. खाली उतरून गुंडाळीतला कपडा घेतला, प्लग पुसला, वर जाऊन बसवला, तारेने लॉक केला. मेननने इंजिन सुरू केलं. गवत आडवं झालं, माणसांनी तोंडं फिरवली. दिवा लागला नाही. मेननने काचेतून अंगठा वर करून दाखवला. इंजिन बंद झालं, पंखे थांबले, मी परत वर गेलो.

प्लगवर काळसर कण होते. आणि मधोमध, नखाएवढाही नाही, पण स्पष्ट दिसणारा एक पातळ पापुद्रा.

प्लग हातात घेऊन मी उतरलो. खाली मेनन वाट बघत होता.

“सांगा,” तो म्हणाला.

“फ्लेक आहे, सर.”

त्याने हेल्मेट काढून काखेत घेतलं आणि समुद्राकडे पाहिलं. को-पायलटने घड्याळाकडे पाहिलं.  दोरापलीकडे एक बाई उभी होती. खालच्या वाडीतून चढून आलेली, पायांना अजून वाळू. पाण्यातल्या दोघांपैकी बाबल हा तिचा भाऊ. तिला आमची भाषा कळत नव्हती, पण हेल्मेट काढलेलं कळलं.

“भाऊ,” तिने मला हाक मारली, “उडतला मां ह्या?”

मी वळून खिशातून काढून ठेवलेला फोन उचलला. मॅडमना लावला.

“खात्री आहे?” त्या म्हणाल्या.

“डोळ्यांनी दिसतंय.”

“फोटो पाठवा. चीफ, तो कसला आहे ते बघा. वाकतोय का?”

हे मला स्वतःहून सुचायला हवं होतं. मी पापुद्रा चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि नखाने दाबला. पोलादाचा पापुद्रा वाकतो, चमकतो, टोचतो. हा फुटला. कागदावर तांबूस डाग पडला.

गंज.

सतत तेलात बुडालेल्या गिअरबॉक्सच्या आत गंज येत नाही. म्हणजे हा बाहेरून आला. पण त्याच क्षणी मनात दुसरं आलं. मला हे हेलिकॉप्टर उडायला हवं होतं. त्या दिवसांत आणखी कुणी मरायला नको होतं. ज्याला एवढं हवं असतं, त्याला जे बघायचं असतं तेच दिसतं. मला तांबूस दिसतंय ते खरंच तांबूस आहे का?

मी मेननला कागद दाखवला. “सर, रंग कुठला दिसतो? मी काही सांगत नाही, तुम्ही सांगा.”

“तपकिरी. लालसर.”

डायव्हरलाही विचारलं. “गंज,” तो म्हणाला, “आमच्या नांगराच्या साखळीवर असतो तसा.”

मग तो आला कुठून? प्लगला माझे हात लागले होते आणि कपडा लागला होता. मी खाली वाकून कपड्यांची गुंडाळी उलगडली. आतल्या घडीत अडकित्ता होता. पांढऱ्या कापडावर त्याचा आकार तांबडा उमटला होता.

काका दगडावरून उठला. “थंय हात लावू नको. तुझ्याजवळ रवांदे.”

“काका, ह्यो तू ठेवलंस?”

“अंगाकडे नको म्हणालंस. म्हणान कपड्यात ठेवलंय. हाताकडे रवलो म्हंजे झाला. कोणाच्या मधी येणा नाय.”

इतक्या वर्षांत मी वर्कशॉपमध्ये पोरांवर ओरडलो आहे. काकावर ओरडता आलं नाही. आवाज न चढवता मी म्हणालो, “दोरापलीकडे जावन उभो रव. माझ्या हाकेशिवाय येऊ नको.” तो माझ्याकडे बघत राहिला. मग अडकित्ता उचलून गेला. लहानपणापासून मी त्याला असं कधी बोललो नव्हतो.

मेननला सगळं सांगितलं. त्याने सुस्कारा सोडला. “म्हणजे गिअरबॉक्स ठीक आहे. निघू या?”

“नाही सर. कपड्याला गंज होता, एवढंच कळलंय. त्या कणांत एकही पोलादाचा नव्हता, हे कळलेलं नाही. परत पुसून परत रन करावा लागेल.”

“चीफ, परत रन म्हणजे परत फ्युएल. शोधायला वेळच उरणार नाही. तुम्ही बघितलंत, मी बघितलं. मला तुमचा शब्द पुरे आहे.”

“माझा शब्द आज मलाच पुरत नाही, सर.”

तो रागावला होता, आणि त्याचं चुकत नव्हतं. खाली पाण्यात दोन माणसं होती, इथे तो, को-पायलट आणि डायव्हर अशी तीन. या बेरजा करायला आम्हाला कुणी शिकवत नाही. प्लग स्वच्छ की अस्वच्छ, एवढंच शिकवतात. मी फोन स्पीकरवर टाकला. मॅडमनी फोटो बघितले होते.

“रन करा,” त्या म्हणाल्या. “मेनन, छोटा करा, पण करा.”

“रॉजर, मॅडम,” मेनन म्हणाला आणि माझ्याकडे न बघता सीटवर जाऊन बसला.

किटमधले सगळे कपडे मी बाजूला टाकले. फर्स्ट एडच्या पेटीत सीलबंद गॉझ होतं. ते फोडलं, हात आधी धुतले, प्लग धुतला, पुसला. भिंगाखाली धरून एकही धागा मागे राहिलेला नाही हे पाहिलं. डायव्हरला बघायला लावलं. बसवला. तार ओढली.

पंखे फिरत होते तेवढा वेळ मी हेलिकॉप्टरच्या पुढे, पायलटला दिसेन असा उभा होतो. दोराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. ती बाई खाली बसली होती. काका तिच्या शेजारी उभा होता, एका हाताने डोक्यावरचा टॉवेल धरून.

प्लग काढला. तेलाचा पातळ थर, त्याखाली चुंबकाचा स्वच्छ, राखाडी गोल. नखाने खरवडला. काही नाही. डायव्हरने बघितला, मग मेननने स्वतः वर चढून बघितला. बसवला, लॉक केला, सही केली. सही नेहमीसारखी आली. याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं.

हेलिकॉप्टर उठलं आणि कड्यावरून थेट समुद्रावर गेलं.

पुढचं मला फोनवर कळलं. उजेड जायच्या जरा आधी त्यांना निळा प्लास्टिकचा कॅन दिसला आणि त्याला धरलेला एक माणूस. डायव्हर उतरला. त्या माणसाचं नाव मोहन. तो आज परत मासेमारीला जातो. बाबल त्याच्याबरोबर नव्हता. मेनन शक्य तेवढं फिरला, मग फ्युएलने त्याला परतायला लावलं. दुसऱ्या दिवशी गावच्या होड्यांना बाबल मिळाला.

कामावर रुजू झाल्यावर मी डायव्हरला एकटं गाठून विचारलं. मोहन काय म्हणाला? बाबलचा हात कधी सुटला?

“पहिल्यांदा हेलिकॉप्टर गेल्याचा आवाज दोघांनीही ऐकला होता,” तो म्हणाला. “हात केले होते. नंतर केव्हातरी सुटला. केव्हा, ते त्याला सांगता येत नाही. लाटांत त्याला वेळच कळत नव्हता.” मग म्हणाला, “चीफ, हे विचारत बसू नका. दुसरा रन केला नसता तर मी त्या दोरावर लटकताना वर बघत राहिलो असतो.”

त्याने ते चांगल्या मनाने सांगितलं. पण पहिला रन स्वच्छ निघाला असता तर दुसरा लागलाच नसता, हेही आम्हा दोघांना ठाऊक होतं.

गावात काकाने वेगळंच सांगितलं. तेराव्याला आलेल्या माणसांना तो सांगत होता, “लोखंड होता म्हणान येक तरी वाचलो. नायतर तिगव हेलिकॉप्टरवाले पण गेले असते.” माणसं माना हलवत होती. मी पंगतीत पाणी वाढत होतो.   त्याच लोखंडामुळे उशीर झाला, हे भाऊ गेलेल्या माणसाला मी कसं सांगणार होतो?

मॅडमनी त्या प्रकरणावरून दोन सूचना काढल्या. बाहेर उतरलेल्या हेलिकॉप्टरजवळ क्रूशिवाय कुणीही दोराच्या आत बसणार नाही. आणि पुसायचे कपडे सीलबंद पाकिटात राहतील, पाकीट वापरतानाच फोडायचं. दोन्ही योग्य आहेत. आता सगळीकडे पाळल्या जातात.

मी स्वतःसाठी तिसरी काढली आहे. नवीन पोरांना शिकवताना सांगतो. बाहेरच्या माणसाला “इथे चालत नाही” एवढंच म्हणून कामाला लागू नका. का चालत नाही ते सांगा. काका, या प्लगला चुंबक आहे, गंजाचा कण लागला तर हेलिकॉप्टर अडकेल. एवढं वाक्य होतं. काकाला ते कळलं असतं. तो आपण होऊन अडकित्ता घेऊन दोरापलीकडे गेला असता.